अखेरच्या दिवसाची श्रद्धा : सर ॲलन मॅकनॅब यांचे थडगे

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हॅमिल्टन शहराला लागून बर्लिंग्टन आहे. तेथील 'होली सेपल्कर' या कॅथलिक दफनभूमीत सर ॲलन नेपियर मॅकनॅब यांचे थडगे आहे. मॅकनॅब हे वसाहतकालीन कॅनडाचे पंतप्रधान, विधानसभेचे सभापती आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष होते. ते ८ ऑगस्ट १८६२ रोजी वारले, पण थडग्यावर नावाची शिला बसायला १९६७ साल उजाडले. इतक्या मोठ्या पदांवर राहिलेल्या माणसाचे थडगे शंभराहून अधिक वर्षे बिननावाचे राहिले, याच्या मुळाशी एक धार्मिक वाद आहे. जन्मभर अँग्लिकन चर्चमध्ये वावरलेल्या मॅकनॅब यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी कॅथलिक पंथ स्वीकारला, असे एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू म्हणत होती की असे काही घडलेच नाही, आणि घडले असले तरी ते त्यांच्या मनाने घडले नाही. मरणशय्येवर पडलेल्या माणसाची श्रद्धा कोणती हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न या थडग्याने पुढे आणला.

मॅकनॅब यांचा जन्म १९ फेब्रुवारी १७९८ रोजी नायगारा नदीच्या मुखाजवळील नेवार्क गावी झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले. वडील आणि आजोबा दोघेही ब्रिटिश सैन्यात होते. १८१२ च्या अमेरिकेविरुद्धच्या युद्धात मॅकनॅब मिसरूडही न फुटलेल्या वयात लढले. नंतर वकिली शिकून १८२६ मध्ये ते हॅमिल्टनला स्थायिक झाले, जमिनींचे व्यवहार करून पैसा मिळवला आणि १८३० मध्ये अप्पर कॅनडाच्या (आजच्या ऑन्टारिओच्या) विधानसभेत निवडून गेले. बर्लिंग्टन हाइट्स या उंचवट्यावर त्यांनी १८३२ ते १८३५ या काळात 'डंडर्न' नावाचा वाडा बांधला. १८३७ मध्ये विल्यम लायन मॅकेन्झी यांचे बंड झाले, तेव्हा ते मोडून काढणाऱ्या स्वयंसेवक सैन्याचे नेतृत्व मॅकनॅब यांनी केले आणि पुढल्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. राजनिष्ठ, जुन्या वळणाचा, सरकारी चर्चचा पाठीराखा टोरी, अशी त्यांची ओळख तेव्हा पक्की झाली.

या ओळखीला रेल्वेने तडा दिला. हॅमिल्टनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कंपनीला १८३४ मध्ये सनद मिळाली होती, पण पैशाअभावी काम अडले होते. १८४५ मध्ये कंपनीचे नाव 'ग्रेट वेस्टर्न' झाले आणि मॅकनॅब तिचे अध्यक्ष झाले. लंडनच्या भांडवलदारांना पटवणे, विधानसभेकडून सवलती मिळवणे आणि मार्ग कुठून जाईल यावरून भांडणाऱ्या गावांची समजूत घालणे, असे त्यांचे काम होते. १८४९ च्या कायद्याने पंचाहत्तर मैलांहून लांब रेल्वेच्या निम्म्या कर्जरोख्यांवरील व्याजाची हमी सरकारने घेतली, आणि मग कामाला खरा वेग आला. हॅमिल्टन ते नायगारा हा भाग नोव्हेंबर १८५३ मध्ये आणि विंडसरपर्यंतचा मार्ग जानेवारी १८५४ मध्ये सुरू झाला. रुळांमधले अंतर साडेपाच फूट होते. मुंबई-ठाणे मार्गावर १८५३ मध्येच धावू लागलेल्या पहिल्या गाडीसाठीही नेमके हेच माप घेतले होते. विधानसभेच्या रेल्वे आणि तारयंत्र समितीचे अध्यक्षपदही मॅकनॅब यांच्याकडे अनेकदा आले. म्हणजे मागणारे तेच आणि देणाऱ्यांमध्येही तेच. त्या काळी याला कोणी फारशी नाके मुरडली नाहीत, पण आजच्या वाचकाला ते खटकल्यावाचून राहत नाही. आपले राजकारण म्हणजे रेल्वे, असे ते उघडपणे म्हणत. या विधानातला बेधडकपणा गमतीचा असला तरी त्यामागे एक धोरण होते: पंथ आणि वंश यांवरून विभागलेल्या वसाहतीत सर्वांना एकत्र आणू शकेल असा विषय त्यांना रेल्वेतच दिसत होता.

ती विभागणी खोल होती. लोअर कॅनडात (आजच्या क्वेबेकमध्ये) फ्रेंच भाषक कॅथलिकांचे बहुमत होते, अप्पर कॅनडात इंग्रजी भाषक प्रॉटेस्टंटांचे. प्रॉटेस्टंटांमध्येही अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट यांचे आपसात पटत नव्हते. १७९१ च्या राज्यघटना कायद्याने सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा 'प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकां'साठी राखून ठेवला होता. त्याचा अर्थ फक्त अँग्लिकन असा लावायचा की इतरांनाही त्यात वाटा द्यायचा, यावरून दोन पिढ्या राजकारण पेटलेले राहिले. १८५३ मध्ये अलेस्सांद्रो गावाझ्झी या कॅथलिक पंथ सोडलेल्या इटालियन वक्त्याच्या व्याख्यानांवरून क्वेबेक आणि माँट्रिऑल येथे दंगली उसळल्या. टोरांटोच्या 'ग्लोब' पत्रातून जॉर्ज ब्राउन कॅथलिक वर्चस्वाविरुद्ध सातत्याने लिहीत होते. अशा वातावरणात सप्टेंबर १८५४ मध्ये मॅकनॅब यांनी फ्रेंच कॅथलिक नेते ऑगस्तँ-नॉर्बेर मोरँ यांच्यासह संयुक्त मंत्रिमंडळ बनवले. ज्या राखीव धर्मजमिनींसाठी त्यांच्या पक्षाने वर्षानुवर्षे भांडण केले होते, त्या खालसा करण्याचा कायदा याच मंत्रिमंडळाने मंजूर केला. हयात धर्मोपदेशकांचे वेतन राखून उरलेले उत्पन्न नगरपालिकांना देण्यात आले. सत्तेसाठी केलेली ही तडजोड म्हणता येईल. पण धर्माचे प्रश्न सरकारच्या हाती नसलेले बरे, असे मॅकनॅब यांना उतारवयात वाटू लागले होते, असाही तिचा अर्थ लावता येतो, आणि पुढच्या घटना पाहता दुसरा अर्थ अगदीच निराधार वाटत नाही.

१८५६ मध्ये जॉन ए. मॅकडॉनल्ड आणि इतर तरुण सहकाऱ्यांनी त्यांना पदावरून दूर केले. संधिवाताने जखडलेल्या मॅकनॅब यांना कांबळ्यात गुंडाळून सभागृहात उचलून आणावे लागले होते. १८५८ मध्ये बॅरोनेट ही पदवी आणि १८६० मध्ये वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व मिळाले. १८६२ मध्ये ते त्या सभागृहाचे सभापतीही झाले. मात्र वाडा आणि जमिनी कर्जात बुडालेल्या होत्या.

या सार्वजनिक आयुष्याच्या आड एक घर होते, आणि पुढे पेटलेल्या वादाचे धागे त्या घरात आहेत. पहिली पत्नी एलिझाबेथ ब्रूक १८२६ मध्ये वारली. दुसरी पत्नी मेरी स्टुअर्ट कॅथलिक होती आणि तिच्या दोन्ही मुली कॅथलिक म्हणूनच वाढल्या. मे १८४६ मध्ये मेरी डंडर्नमध्ये वारली. तिची थोरली मुलगी सोफिया हिने तेरा वर्षांची असताना लिहिलेल्या रोजनिशीत आईच्या त्या अखेरच्या आजाराची हकिगत आहे. पुढे सोफियाचे लग्न इंग्लंडच्या केपेल घराण्यात झाले.  सांगायचे ते इतकेच, की कॅथलिक पद्धतीचे मरण या वाड्याला नवे नव्हते. नवऱ्याचे चर्च वेगळे, बायको-मुलींचे वेगळे, आणि तरी एकच छप्पर, असा संसार मॅकनॅब यांनी अनेक वर्षे केला होता.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा आजार विकोपाला गेला. हॅमिल्टनच्या सेंट मेरीज कॅथीड्रलच्या नोंदवहीत ७ ऑगस्ट या तारखेला त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. तो देणारे होते हॅमिल्टनचे पहिले कॅथलिक बिशप जॉन फॅरेल. दुसऱ्या दिवशी मॅकनॅब यांनी प्राण सोडला. बातमी फुटताच गहजब झाला. 'ग्लोब' आणि 'हॅमिल्टन स्पेक्टेटर' या पत्रांनी धर्मांतरावर जाहीर शंका घेतली, आणि शहरातल्या अँग्लिकन क्राइस्ट चर्चच्या रेक्टरने मॅकनॅब प्रॉटेस्टंट म्हणूनच वारले असे जाहीर केले. कॅथलिक आप्तांनी दुबळ्या झालेल्या माणसावर दडपण आणले, असा संशय उघड बोलला जाऊ लागला. ज्याला विचारायचे तो माणूसच उरला नव्हता, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या उत्तराची खात्री होती.

नोंदवही खोटी मानण्याचे कारण दिसत नाही. पण ती नेमके काय सिद्ध करते? तिच्यावरून कळते ते हे की त्या दिवशी, त्या बिशपच्या हातून, त्या देहावर एक विधी झाला. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा एकदाच होतो आणि पुन्हा करता येत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हेही ठरवले होते की भिन्न मताच्या ख्रिस्ती माणसाने योग्य शब्दांनी आणि योग्य हेतूने दिलेला बाप्तिस्मा खरा धरावा. मग अँग्लिकन माणसाला पुन्हा बाप्तिस्मा कसा? त्यासाठी चर्चकडे 'सशर्त बाप्तिस्मा' होता. पूर्वी तो झाला नसेल तर हा होवो, अशी अट घालून विधी करायचा. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंटांना आत घेताना ही पद्धत सर्रास वापरली जाई. तेव्हा नोंदवहीतल्या त्या ओळीच्या मागेही एक 'जर' उभा असावा, आणि माणसांनी तिच्याकडे पुरावा म्हणून पाहिले ते त्या 'जर'कडे दुर्लक्ष करून. शिवाय जाणत्या वयाच्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा तर त्याची इच्छा असावी लागते. इच्छा नोंदवहीत उतरत नाही. ती बिशपने पाहिली, किंवा पाहिली असे मानले. म्हणजे शेवटी सगळा पुरावा एका धर्मगुरूच्या सचोटीवर आणि एका रुग्णाच्या शुद्धीवर येऊन थांबतो.

आता समजा, रुग्ण पूर्ण शुद्धीत होता आणि त्याने होकार दिला. तरी प्रश्न सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते. चौसष्ट वर्षे एका रीतीने जगलेला माणूस आणि एका दिवसापुरता दुसऱ्या रीतीचा झालेला माणूस, यांतला खरा कोणता?

अखेरच्या क्षणाला सर्वाधिक वजन देणारी परंपरा ख्रिस्ती धर्मात जुनी आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला अखेरच्या घटकेतल्या विश्वासावर स्वर्ग मिळतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा अँग्लिकन चर्चचा अधिकृत प्रमुख होता, पण ५ फेब्रुवारी १६८५ रोजी फादर जॉन हडलस्टन यांच्याकडून त्याने कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. मॅकनॅब यांच्या प्रकरणाशी या घटनेचे साम्य इतके आहे की १८६२ च्या हॅमिल्टनमधील सुशिक्षितांना ती आठवली नसेल असे मानणे कठीण आहे. मराठी वाचकाला या ठिकाणी भागवतातला अजामिळ आठवेल: जन्मभर वाट चुकलेला, आणि मरताना मुलाला हाक मारताना 'नारायण' हे नाव तोंडी आले म्हणून यमदूतांच्या हातून सुटलेला. तेथे तर हेतूचीही गरज उरत नाही, नाव पुरते. नावाचा महिमा सांगणाऱ्यांनी या कथेवर भर दिला आहे, आणि जबाबदारीच्या जाणिवेने बोलणाऱ्यांनी तिच्यावर नेहमी थोडे अवघडून भाष्य केले आहे.

याच्या उलट परंपराही तितकीच भक्कम आहे. अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ जेरेमी टेलर यांनी १६५१ च्या 'होली डाइंग' या ग्रंथात आणि इतरत्रही मरणशय्येवरच्या पश्चात्तापावर विसंबू नये असे निक्षून सांगितले. त्यांचा मुद्दा असा की पश्चात्ताप म्हणजे जगणे बदलणे, आणि ज्याच्यापाशी जगणेच उरले नाही त्याने बदल केला की केवळ भीती व्यक्त केली, हे त्यालाही सांगता येणार नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळी जे स्मरावे ते प्राप्त होते असे म्हटले आहे. पण त्याच्याच पुढे सर्व काळ स्मरण करण्याची आज्ञा आहे. अंतकाळचे स्मरण हे जन्मभराच्या ध्यासाचे फळ, त्याच्याऐवजी मिळणारी सवलत नव्हे, असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्ञानेश्वरीचा रोखही तोच आहे. या मताने पाहिले तर मॅकनॅब यांचा शेवटचा दिवस पूर्वीच्या आयुष्याशी विसंगत ठरतो आणि म्हणून संशयास्पद. पण येथे एक गोष्ट निसटते. जन्मभराचा ध्यास बाहेरून मोजता येत नाही. रविवारी कोणत्या चर्चच्या बाकावर माणूस बसला हे दिसते. बायको गेल्यानंतरच्या सोळा वर्षांत तो मनाशी काय बोलला हे दिसत नाही.

मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला साक्ष म्हणून किती मान द्यावा याबद्दलही विचारवंतांत एकमत नाही. फ्रेंच निबंधकार माँटेन यांचे म्हणणे असे, की बाकी सगळ्या आयुष्यात माणूस मुखवटा घालू शकतो, पण शेवटच्या प्रवेशात सोंग चालत नाही. तेथे जे आहे तेच बाहेर येते. नेमक्या याच समजुतीपोटी चरित्रकार जेम्स बॉस्वेल जुलै १७७६ मध्ये मरणासन्न तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांना भेटायला गेले. धर्मावर विश्वास न ठेवणारा माणूस मरताना डगमगतो का, हे त्यांना पाहायचे होते. ह्यूम डगमगले नाहीत, आणि अस्वस्थ झाले ते बॉस्वेलच. हा प्रसंग नेहमी ह्यूम यांच्या धैर्याची कथा म्हणून सांगितला जातो. खरे तर त्यातून पाहणाऱ्याची गरज अधिक उघडी पडते. मरणाऱ्याच्या तोंडून जिवंतांना आपल्या बाजूचा निकाल हवा असतो. हॅमिल्टनच्या रेक्टरला तो हवा होता, 'ग्लोब'ला हवा होता, आणि कदाचित डंडर्नमधल्या आप्तांनाही.

कायद्याने अशाच एका पेचातून आपल्यापुरती वाट काढली आहे. मृत्युपत्रे दोन असतील तर नंतरचे ग्राह्य, मात्र ते करताना माणूस शुद्धीवर असला पाहिजे आणि त्याच्यावर कोणाचे गैरवाजवी दडपण नसले पाहिजे. शुद्धीची कसोटी इंग्लिश न्यायालयाने १८७० मधील बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यात सांगितली: आपण काय करत आहोत, आपल्यापाशी काय आहे आणि कोणाचा आपल्यावर हक्क आहे, हे त्याला समजत होते का? शेवटचा कागद अधिक 'खरा' असतो असे कायदा म्हणत नाही. कुठेतरी थांबायला हवे म्हणून तो शेवटच्याजवळ थांबतो. श्रद्धेच्या बाबतीत ही सोय तितकी लागू पडत नाही. इस्टेट एका वारसाकडे गेली की दुसऱ्याकडे जात नाही, तेव्हा निकाल लावावाच लागतो. मेलेल्या माणसाची श्रद्धा मात्र कोणाच्या नावावर करून द्यायची नसते. जॉन लॉक यांनी १६८९ च्या सहिष्णुतेवरील पत्रात धर्म म्हणजे मनाची आतली खात्री आणि तिच्यावर बाहेरच्या कोणाची सत्ता चालत नाही, असे मांडले. ते राजसत्तेला उद्देशून होते. पण ती सत्ता वर्तमानपत्रांची किंवा नातेवाइकांची असली तरी मुद्दा बदलत नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी एक शक्यता जवळजवळ विचारातच घेतली नाही. धर्मांतर म्हणजे सिद्धांतांची निवड, असे गृहीत धरून सगळे बोलत होते. पोपची सत्ता मान्य झाली का, सात संस्कार पटले का, वगैरे. पण माणूस बहुधा सिद्धांताकडे जात नाही, माणसांकडे जातो. मॅकनॅब यांची दुसरी पत्नी कॅथलिक म्हणून मेली, मुली कॅथलिक म्हणून वाढल्या, आजारपणात भोवती असलेली माणसे कॅथलिक होती. ज्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे आपल्याला त्यांच्याबरोबर एका श्रद्धेत, एका प्रार्थनेत आणि एका भूमीत राहता येईल ते स्वीकारणे, याला दडपण म्हणावे की प्रेम, हे ठरवणे सोपे नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. अशा कारणाने आलेली श्रद्धा दुय्यम दर्जाची, असे म्हणणारा धर्मशास्त्रज्ञ तर्कात बरोबर ठरला तरी माणसांच्या बाबतीत चुकतो. तर्काने पारखून पंथ निवडणारी माणसे दोन्ही चर्चमध्ये थोडीच होती. मॅकनॅब यांचे अँग्लिकनपणही जन्म, दर्जा आणि राजनिष्ठा यांतून आले होते, आणि त्याची परीक्षा घ्यावी असे कोणालाच वाटले नाही.

या सगळ्याची झळ दफनभूमीला लागली, कारण एकोणिसाव्या शतकात कोणत्या भूमीत पुरले यावरून माणसाचे चर्च जाहीर होत असे. कॅथलिक दफनभूमी अभिमंत्रित असे आणि तेथे जागा मिळणे म्हणजे चर्चने त्या माणसाला आपले मानणे. याची कसोटी कॅनडातच, मॅकनॅब यांच्या पाठोपाठ, उलट दिशेने लागली. माँट्रिऑलचे मुद्रक जोझेफ गिबोर हे बिशप इग्नास बुर्जे यांनी निषिद्ध ठरवलेल्या एका वाचनसंस्थेचे सभासद होते. नोव्हेंबर १८६९ मध्ये ते वारले तेव्हा चर्चने त्यांना कॅथलिक भूमीत जागा नाकारली. त्यांच्या विधवेने दावा लावला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हिंदुस्थानातल्या दाव्यांचा अखेरचा निकालही तेव्हा तेथेच लागत असे. १८७४ मध्ये निकाल गिबोर यांच्या बाजूने लागला. तोवर विधवाही वारली होती. पहिल्या प्रयत्नात जमावाने अंत्ययात्रा परतवली. अखेर १६ नोव्हेंबर १८७५ रोजी सैन्याच्या बंदोबस्तात दफन झाले आणि कोणी शवपेटी उकरू नये म्हणून ती सिमेंट आणि लोखंडी तुकड्यांत बंद करण्यात आली. त्यानंतर बिशपने तेवढ्या जागेचे पावित्र्य काढून घेतले. म्हणजे न्यायालयाने देह आत नेला आणि चर्चने त्याच्याभोवतीची भूमी बाहेर काढली. एकाच पेचाच्या या दोन बाजू आहेत: गिबोर यांना चर्च हवे होते आणि चर्चला ते नको होते; मॅकनॅब चर्चला हवे होते, आणि त्यांना ते हवे होते का, यावर लोक भांडत होते.

मॅकनॅब यांना आधी कुटुंबाच्या खासगी दफनभूमीत पुरले होते. पुढे अवशेष होली सेपल्करमध्ये हलवण्यात आले. म्हणजे देहाने तरी कॅथलिक बाजूचा दावा कायम ठेवला, पण शिला उभी राहिली नाही. मुली लग्न होऊन दूर गेल्या होत्या, घरावर कर्ज होते, ही व्यावहारिक कारणे झालीच. त्यापलीकडेही एक अडचण होती. सार्वजनिक वर्गणीतून स्मारक उभारायचे तर ते अँग्लिकन टोरी पुढाऱ्याचे की कॅथलिक मृताचे, हे आधी ठरवावे लागले असते. हॅमिल्टनमध्ये रेल्वेशी संबंधित मृतांच्या शिला नव्हत्या असे नाही. १२ मार्च १८५७ रोजी ग्रेट वेस्टर्नची गाडी डंडर्नच्या उंचवट्याखालच्या देजार्दँ कालव्यावरील पूल कोसळून खाली गेली आणि ५९ जण मेले. त्या गाडीचा ड्रायव्हर आणि फायरमन यांची, इंजिनाचे चित्र कोरलेली शिला वाड्यासमोरच्या हॅमिल्टन दफनभूमीत आहे. ते कोण होते याबद्दल कोणाला शंका नव्हती. रेल्वे उभी करणाऱ्या अध्यक्षाबद्दल मात्र होती.

शेवटी १९६७ मध्ये शिला आली ती चर्चकडूनही नव्हे आणि रेल्वेकडूनही नव्हे. मॅकनॅब कुळाच्या प्रमुखाच्या हस्ते तिचे अनावरण झाले. स्कॉटिश कुळाचे नाते पंथाच्या आधीचे आहे. किलिन गावाजवळ, डोकार्ट नदीतल्या इंचबुई बेटावर या कुळाची जुनी दफनभूमी आहे, आणि धर्मसुधारणेच्या उलथापालथीतही कुळ टिकून राहिले. कुळाच्या प्रमुखाला मॅकनॅब कोणत्या चर्चचे होते हे ठरवण्याची गरज नव्हती. ते मॅकनॅब होते एवढे पुरेसे होते. हा निर्णय सोयीचा होता यात शंका नाही. तरीही १८६२ मधल्या कोणत्याही पक्षापेक्षा तो अधिक प्रामाणिक होता, कारण जे ठाऊक नाही त्याबद्दल त्याने काही सांगितले नाही. त्याच वर्षी, कॅनडाच्या शताब्दीनिमित्त, डंडर्न वाडा १८५५ च्या सुमाराच्या रूपात सजवून संग्रहालय म्हणून पुन्हा खुला झाला. माणसाची सार्वजनिक बाजू वाड्यात मांडली गेली आणि खासगी बाजू थडग्यात राहिली.

तोवर कॅथलिक चर्चही बदलले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये संमत केलेल्या ख्रिस्ती ऐक्याच्या आदेशात, इतर चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्ती कॅथलिक चर्चशी, अपूर्ण का होईना, जोडलेल्याच आहेत असे मान्य केले. पाठोपाठ १४ मे १९६७ रोजी रोमने काढलेल्या निर्देशांत, आत येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला सशर्त बाप्तिस्मा देण्याची सरसकट पद्धत अमान्य ठरवली. पूर्वीच्या बाप्तिस्म्याबद्दल चौकशीअंती खरीखुरी शंका उरली तरच तो द्यावा, असे सांगितले. हा नियम १८६२ मध्ये असता तर अशी चौकशी आधी करावी लागली असती, आणि मॅकनॅब यांचा अँग्लिकन बाप्तिस्मा रीतसर ठरला असता तर बिशप फॅरेल यांना ७ ऑगस्टला नवा बाप्तिस्मा देता आला नसता. पाणी, अट, नोंद यांतले काही झाले नसते. त्यांनी केवळ श्रद्धेचा उच्चार ऐकून मॅकनॅब यांना चर्चमध्ये घेतले असते, आणि त्या घटनेला खोलीत हजर असलेल्यांच्या शब्दाखेरीज फारसा आधार राहिला नसता.